शालेय वादविवाद स्पर्धा आणि विनयपिटकातील वाणीचे नियम

भीमजयंती आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन या दोन निमित्तांनी शालेय विद्यार्थ्यांच्या वक्तृत्व व वादविवाद स्पर्धा भरविण्याची प्रथा आपल्याकडे चांगली रुजली आहे. विहारे, शिक्षणसंस्था, तरुण मंडळे आणि कर्मचारी संघटना अशा स्पर्धा हौसेने घेतात. या स्पर्धांना परीक्षक म्हणून जाण्याचा योग आम्हास गेली काही वर्षे येत आहे. प्रत्येक ठिकाणी आमच्या हाती एक नियमपत्रक आणि एक गुणपत्रिका दिली जाते. नियमपत्रकातील मजकूर थोड्याफार फरकाने सर्वत्र सारखाच असतो. प्रत्येक शाळेने दोन स्पर्धक पाठवावेत, एकाने विषयाच्या बाजूने व दुसऱ्याने विरुद्ध बोलावे. मुख्याध्यापकांचे पत्र सोबत आणावे. वेळ पाच मिनिटे, चौथ्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा होईल. परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील. घड्याळाची इतकी काळजी घेणाऱ्या या पत्रकात प्रतिपक्षाशी कसे वागावे, याविषयी बहुधा एक ओळही नसते.

या उणिवेचे मोल आम्हास एका प्रसंगाने कळले. स्पर्धेचा विषय आरक्षणाचे धोरण चालू ठेवावे की नाही, असा होता. नववीतील एक मुलगी बाजूने बोलली. तिच्यानंतर विरुद्ध बाजूने उभ्या राहिलेल्या मुलाने, आरक्षण फक्त दहा वर्षांपुरते होते आणि तसे खुद्द बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे, असे दोनदा ठासून सांगितले. मग, काही जणांना गुणांची गरजच भासत नाही, असे म्हणून त्याने मुलीकडे पाहिले. सभागृहात हशा पिकला. खंडनासाठी मुलगी पुन्हा उभी राहिली तेव्हा तिच्या तोंडून ‘आणि’ऐवजी ‘आनि’ असा उच्चार झाला, आणि मागच्या रांगेतून कोणीतरी तिची नक्कल केली. ती अडखळली, घंटा झाली, ती खाली बसली. पहिले पारितोषिक त्या मुलास मिळाले. आमच्या गुणपत्रिकेत विषयप्रतिपादन, भाषाशैली, उच्चार आणि खंडन असे चार रकाने होते. घडलेल्या गोष्टीची नोंद करावी असा रकाना नव्हता, आणि रकाना नाही या सबबीखाली आम्हीही गप्प राहिलो.

घरी परतल्यावर ही गप्पगिरी आम्हास अधिक बोचली, कारण ज्या विनयपिटकाचे आम्ही अध्यापन करतो त्यात या नेमक्या प्रकारांची चर्चा अडीच हजार वर्षांच्या परंपरेने जपून ठेवलेली आहे. विनयाचे नियम भिक्खूंसाठी आहेत, शाळकरी मुलांसाठी नव्हेत, हे आम्ही जाणतो. तथापि वादात माणूस कोठे घसरतो, याचे इतके बारकाईचे निरीक्षण अन्यत्र क्वचितच सापडेल.

भिक्खूंच्या पातिमोक्खात पाचित्तिय या वर्गाचे ९२ नियम आहेत. त्यांतील अगदी पहिला नियम जाणूनबुजून असत्य बोलण्याविषयीचा, म्हणजे सम्पजानमुसावादाचा आहे. हा नियम कोणत्या प्रसंगी घालून दिला गेला, हे पुष्कळ उपासकांना ठाऊक नसते. व्यापारातील फसवणूक किंवा न्यायालयातील खोटी साक्ष असे काही त्याचे निमित्त असेल, असा आपला समज होतो. प्रत्यक्षात त्याचे निमित्त वादविवाद हेच आहे. भगवान बुद्ध सावत्थीस जेतवनात असताना हत्थक नावाचा शाक्य भिक्खू अन्य पंथीयांशी वाद करी. वाद करताना तो नाकारलेली गोष्ट पुढे मान्य करी, मान्य केलेली गोष्ट पुढे नाकारी, एका प्रश्नावर दुसऱ्याच विषयाचे उत्तर देई, ठरवून खोटे बोले, आणि वादाची वेळ व जागा ठरवून तेथे फिरकतही नसे. अन्य पंथीयांनी याची तक्रार केली. भिक्खूंनी हत्थकास विचारले तेव्हा त्याने दिलेले समर्थन मोठे बोलके आहे. या परपंथीयांना कोणत्याही मार्गाने जिंकलेच पाहिजे, त्यांना विजय मिळू देता कामा नये, अशा आशयाचे ते उत्तर होते.

येथे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. हत्थक हा आपल्या पक्षाचा होता. तो धम्माच्या बाजूने बोलत होता आणि त्याचे प्रतिपक्षी धम्माचे विरोधक होते. असे असूनही पक्षाच्या खरेपणामुळे त्याच्या खोट्या बोलण्याला सूट मिळाली नाही. दुसरे असे की, तक्रार करणारे बाहेरचे होते. आपल्या माणसाविरुद्ध परक्याने केलेली तक्रार संघाने ऐकून घेतली, चौकशी केली आणि तिच्यावरून नियम बनविला. आपल्या शाळेचा संघ जिंकावा म्हणून मुलांकडून वाटेल ते पाठ करून घेणाऱ्या मार्गदर्शक शिक्षकांनी हा प्रसंग मुळातून वाचावा, अशी आमची विनंती आहे. आपल्या वस्तीतील, आपल्या विहारातील शिक्षकही यातून सुटत नाहीत. बाबासाहेबांच्या नावावर त्यांनी कधी न लिहिलेली वाक्ये खपविणारी भाषणे आम्ही आपल्याच मुलांच्या तोंडून ऐकली आहेत.

दुसरा पाचित्तिय नियम ओमसवादाचा, म्हणजे टोचून, हिणवून बोलण्याचा आहे. छब्बग्गिय भिक्खू सदाचारी भिक्खूंशी भांडताना त्यांची जात, नाव, गोत्र, काम, कारागिरी, आजार, शरीराची ठेवण इत्यादी काढून त्यांना हिणवीत. अशा हिणविण्याचे दहा विषय विनयात सांगितले असून त्यांत पहिला विषय जात हा आहे. चंडाळ, वेण, निषाद, रथकार, पुक्कुस ही त्या काळी हीन मानलेल्या जातींची नावे तेथे येतात. ही नावे ‘हीन’ या शब्दाखाली नोंदलेली पाहून आजच्या वाचकाचे मन खट्टू होते, आणि ते व्हावेही. मात्र नाव, गोत्र आणि काम यांच्या याद्या देताना ग्रंथकार त्या त्या जनपदात ज्यांची अवज्ञा होते ती, अशी भर घालतो, हेही पाहिले पाहिजे. हीनपणा त्या नावात वा कामात नसून अवज्ञा करणाऱ्या जनपदात आहे, हे या शब्दयोजनेवरून सूचित होते.

या नियमाचा विस्तार वाचताना त्या सभागृहातील प्रसंग आमच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. प्रत्यक्ष नाव घेऊन हिणविले तर पाचित्तिय आहेच. हीन मानलेल्यास उपरोधाने उच्च जातीच्या नावाने हाक मारली तरीही पाचित्तिय आहे. नाव न घेता, ‘येथे काही जण असे आहेत’ अशा आडवळणाने बोलले तर दुक्कट नावाचा दोष लागतो. आणि हिणविण्याचा हेतू नव्हता, केवळ थट्टा होती, असे म्हटले तरी सुटका नाही. त्या थट्टेसाठी दुब्भासित हा दोष सांगितलेला आहे. ‘काही जण’ या दोन शब्दांचा वादातील उपयोग विनयकारांना किती नेमका ठाऊक होता! आपल्या स्पर्धांच्या नियमपत्रकात कधीमधी ‘वैयक्तिक टीका करू नये’ असे एक वाक्य असते. पण ज्याने नाव घेतले नाही त्याने वैयक्तिक टीका केली नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. विनयाने ही पळवाट बंद केली आहे.

याच नियमाच्या प्रास्ताविकात नन्दिविसाल या बैलाची कथा येते. तक्कसिलेच्या एका ब्राह्मणाने आपला बैल शंभर गाड्या ओढील अशी हजाराची पैज लावली आणि ऐन वेळी बैलाला लबाड म्हणून हाकारले. बैल जागचा हलला नाही. पुढे बैलाच्याच सांगण्यावरून ब्राह्मणाने दोन हजारांची पैज लावली, गोड शब्दांनी हाक दिली, आणि शंभर गाड्या निघाल्या. ही कथा बालसभेत नेहमी सांगितली जाते, परंतु तिचा संदर्भ जातीवरून हिणविण्याच्या नियमाचा आहे, हे सांगावयाचे राहून जाते.

आता त्या मुलाच्या दहा वर्षांच्या विधानाकडे वळू, कारण हे विधान शालेय स्पर्धांत वरचेवर ऐकू येते आणि त्याला उत्तर देताना आपली मुले गोंधळतात. संविधानाच्या ३३४व्या अनुच्छेदात दहा वर्षांची मुदत होती, हे खरे आहे. पण ती लोकसभा व राज्यांच्या विधानसभा यांतील राखीव जागांपुरती होती. ती मुदत वेळोवेळी वाढविण्यात आली असून २०१९ च्या १०४व्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जाती व जमातींच्या बाबतीत ती संविधानाच्या प्रारंभापासून ८० वर्षे, म्हणजे जानेवारी २०३० पर्यंत, नेण्यात आली आहे. शासकीय सेवेतील आरक्षणाचा आधार असलेले अनुच्छेद १६ चे चौथे खंड मुळापासून आहे, आणि त्यात मुदत नाही. शिक्षणसंस्थांतील विशेष तरतुदींचा आधार असलेले अनुच्छेद १५ चे चौथे खंड १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आले. त्यातही मुदत नाही.

भगवान बुद्धांनी प्रश्नांचे चार प्रकार सांगितले आहेत. काही प्रश्नांना सरळ होय-नाही असे उत्तर द्यावयाचे असते. काहींना विभागून, फोड करून उत्तर द्यावयाचे असते. काहींना प्रतिप्रश्न करून उत्तर द्यावयाचे असते. आणि काही प्रश्न बाजूला ठेवावयाचे असतात. दहा वर्षांचा प्रश्न दुसऱ्या प्रकारात, विभज्ज प्रकारात मोडतो. ‘दहा वर्षांचीच मुदत होती’ हे उत्तर चूक आहे आणि ‘दहा वर्षांची मुदत कधी नव्हतीच’ हेही चूक आहे. विधिमंडळे, सेवा आणि शिक्षण यांची फोड केल्याशिवाय खरे उत्तर देता येत नाही. मुलीला ही फोड शिकविलेली नव्हती. तिच्या शिक्षकांनी तिला आवाजाची चढउतार आणि हातवारे शिकविले होते.

चौथ्या प्रकाराविषयीही आयोजकांना काही सांगावेसे वाटते. आरक्षणाचे धोरण हा वादाचा विषय होऊ शकतो. सार्वजनिक धोरणावर वाद झालाच पाहिजे, आणि त्याला आपण भिण्याचे कारण नाही. परंतु ज्या विषयाची शब्दरचनाच समोर बसलेल्या मुलाच्या योग्यतेवर किंवा माणूसपणावर शंका घेते, तो विषय बाजूला ठेवण्याचा आहे. गुणवत्ता आणि आरक्षण परस्परविरोधी आहेत असे गृहीत धरणारे विषय आम्ही पाहिले आहेत. तेथे वाद सुरू होण्यापूर्वीच एका बाजूच्या मुलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेले असते.

मग आपल्या मुलांना न पटणारी बाजू मांडावी लागली तर काय करावे, हा प्रश्न पालक आम्हास नेहमी विचारतात. बाजू चिठ्ठीने ठरते. एखाद्या बौद्ध घरातील मुलास आरक्षणाच्या विरुद्ध बोलण्याची चिठ्ठी निघते. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा आहे, पंचशीलात मुसावादापासून विरती आहे. मग हे बोलणे मुसावाद नव्हे काय? एका मातेने आम्हास अत्यंत कळकळीने हा प्रश्न केला होता आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

अट्ठकथाकारांनी मुसावादाची चार अंगे सांगितली आहेत: वस्तू असत्य असणे, फसविण्याचे चित्त असणे, त्याला अनुरूप प्रयत्न करणे आणि समोरच्यास तो अर्थ कळणे. चिठ्ठीने बाजू ठरली आहे, हे वक्त्यास, प्रतिपक्षास, परीक्षकांस आणि श्रोत्यांस आरंभीच ठाऊक असते. हे माझे मत आहे, असे तो मुलगा कोणासही भासवीत नाही. तेव्हा नेमून दिलेली बाजू मांडण्यात फसविण्याचे चित्त नाही, आणि ते नसल्याने तो मुसावाद होत नाही, असे आमचे मत आहे. परंतु त्याच भाषणात त्याने एखादा आकडा स्वतः तयार केला किंवा बाबासाहेबांच्या नावे वाक्य रचले, तर चारही अंगे पुरी होतात. श्रोते ते खरे मानतात, आणि त्यांनी ते खरे मानावे याच हेतूने ते बोललेले असते. बाजू उसनी असू शकते. पुरावा उसना असू शकत नाही. हत्थकावर ठपका आला तो वाद केल्याबद्दल नव्हे, हे येथे आठवावे.

परपक्ष मांडणे ही गोष्ट आपल्या परंपरेस परकी तर मुळीच नाही. पाटलिपुत्राच्या तिसऱ्या संगीतीत मोग्गलिपुत्त तिस्स थेरांनी कथावत्थू हे प्रकरण सांगितले, अशी थेरवादी परंपरा आहे. स्वपक्षाची पाचशे आणि परपक्षाची पाचशे अशी एक हजार सूत्रे घेऊन त्यांनी त्याची मांडणी केली, असे बुद्धघोषाचार्य सांगतात. या ग्रंथातील पहिल्याच पुग्गलकथेत परवाद्यालाही स्वकवाद्यावर निग्रह आणण्याची संधी दिलेली आहे. प्रतिपक्षाचा युक्तिवाद प्रथम पुरतेपणी मांडावयाचा, त्याला बोलू द्यावयाचे आणि मग उत्तर द्यावयाचे, हा क्रम त्यामागे आहे. बाबासाहेबांनी १९४० साली पाकिस्तानच्या प्रश्नावर लिहिलेल्या ग्रंथाची रचनाही पाहण्यासारखी आहे. पहिल्या भागात पाकिस्तानच्या मागणीची मुस्लिम बाजू, दुसऱ्यात तिच्या विरुद्धची हिंदू बाजू, आणि त्यानंतर पुढील विचार, अशी ती आहे. ज्यांस दोन्ही बाजू सारख्याच ताकदीने मांडता येत नाहीत त्यांस त्या प्रश्नावर मत देण्याचा अधिकार किती, असा प्रश्न हा ग्रंथ वाचताना मनात येतो. आमच्या समजुतीप्रमाणे चिठ्ठीने बाजू ठरविण्याची पद्धत म्हणूनच उपयुक्त आहे, आणि ती टिकवावी.

वादी कसा आहे हे कशावरून ओळखावे, याचे सर्वांत चांगले विवेचन अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातातील कथावत्थुसुत्तात आहे. (अभिधम्मातील वर सांगितलेला ग्रंथ निराळा, नामसाम्यामुळे विद्यार्थी घोटाळा करतात.) या सुत्तात ज्याच्याशी चर्चा करण्यात अर्थ आहे तो ‘कच्छ’ आणि ज्याच्याशी नाही तो ‘अकच्छ’ असे दोन शब्द वापरले आहेत. सरळ उत्तराच्या प्रश्नास सरळ उत्तर न देणारा, फोड करण्याच्या प्रश्नाची फोड न करणारा अकच्छ होय. प्रश्न टाळून दुसरीकडे जाणारा, चर्चा विषयाबाहेर नेणारा, राग आणि नाराजी प्रकट करणारा अकच्छ होय. आणि प्रतिपक्षावर शब्दांचा भडिमार करून त्यास दडपणारा, त्याला हसणारा, त्याची अडखळ पकडून बसणारा हाही अकच्छ होय.

या शेवटच्या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. मूळ शब्द ‘खलित’ असा आहे, त्याचा अर्थ अडखळणे, चुकणे. वादात कोणाचीही जीभ घसरते. युक्तिवादाला उत्तर न देता ती घसरण पकडणे, हा सुत्ताच्या मते वाद्याच्या अयोग्यतेचा पुरावा आहे. आपल्या गुणपत्रिकांत मात्र ‘शुद्ध उच्चार’ या रकान्याखाली त्याला बक्षीस मिळते. ण आणि न, ळ आणि ल यांतील फरकावर ग्रामीण आणि वस्तीतील मुलांचे किती गुण कापले जातात, हे परीक्षकांनी स्वतःशी तपासून पाहावे. मज्झिमनिकायाच्या अरणविभंगसुत्तात जनपदाच्या बोलीचा हट्ट धरू नये, असे सांगताना एकाच भांड्याची निरनिराळ्या जनपदांतील नावे दिली आहेत. कोणी त्याला पाति म्हणतात, कोणी पत्त, कोणी सराव. माझाच शब्द खरा आणि इतरांचे खोटे, असे म्हणणे हे तेथे कलहाचे कारण ठरविले आहे. वऱ्हाडातून, मराठवाड्यातून, कोकणातून आलेल्या मुलांच्या स्पर्धेला हे शब्दशः लागू पडते. स्पष्ट उच्चार जरूर पाहावा, कारण श्रोत्यांस कळणे आवश्यक आहे. पुस्तकी उच्चार हा निकष का असावा, याचे समाधानकारक उत्तर आम्हास कोणी दिलेले नाही.

हसण्याविषयी चूळसच्चकसुत्तातील एक प्रसंग आठवतो. वेसालीचा सच्चक हा मोठा बढाईखोर वादपटू, पाचशे लिच्छवींसमोर बुद्धांशी वाद करण्यास आला आणि निरुत्तर झाला. तेव्हा दुम्मुख नावाच्या लिच्छवीने, पोरांनी नांग्या मोडलेल्या खेकड्याची उपमा देऊन त्याची चेष्टा केली. सच्चकाने त्याला तेथेच थांबविले. आपले बोलणे गौतमांशी चालले आहे, तुमच्याशी नाही, असे त्याने बजावले, आणि बुद्धांनीही चर्चा पुढे नेली. पुढे सच्चकाने आपले औद्धत्य कबूल केले आणि बुद्धांस भोजनाचे निमंत्रण दिले. या सुत्तात डोके फोडण्याची धमकी देणारा यक्षही येतो. तो भाग आम्ही मुलांना आदर्श म्हणून सांगत नाही, हे प्रांजळपणे नमूद करतो. परंतु श्रोत्याने वादात तोंड घालू नये आणि हरणाऱ्याची टिंगल करू नये, हे त्या हरणाऱ्याच्याच तोंडून वदविले आहे, ही गोष्ट मोलाची आहे.

जिंकण्यासाठी आडमार्ग वापरावेत की नाही, यावर पुढे भारतीय तर्कशास्त्रात मोठा वाद झाला. न्यायसूत्रांनी २२ निग्रहस्थाने, म्हणजे पराजयाची स्थाने, सांगितली आणि जल्प व वितंडा यांची तुलना बीजांकुराभोवती घातलेल्या काटेरी कुंपणाशी केली. तत्त्वाच्या रक्षणासाठी असे काटे चालतात, असा त्याचा भाव. धर्मकीर्तींनी वादन्यायात ही भूमिका नाकारली. रक्षणासाठी काहीही चालत असेल तर मग नखे, थपडा, शस्त्रे आणि आग यांनी काय घोडे मारले आहे, अशा आशयाचा त्यांचा उपरोध आहे. त्यांनी निग्रहस्थाने दोनच मानली. वाद्याने आपल्या सिद्धीला आवश्यक ते न सांगणे अथवा अनावश्यक ते सांगणे, हे पहिले. प्रतिवाद्याने असलेला दोष न दाखविणे अथवा नसलेला दोष दाखविणे, हे दुसरे. राहुल सांकृत्यायन यांनी तिबेटातून मिळविलेल्या पोथीमुळे हा संस्कृत ग्रंथ आपल्या हाती आला. आजच्या गुणपत्रिकेतील ‘खंडन’ या रकान्याचा याहून नेमका निकष आम्हास माहीत नाही. त्या स्पर्धेत मुलीच्या भाषणातील कोणता दोष मुलाने दाखविला, असे धर्मकीर्ती विचारतील तर उत्तर ‘कोणताही नाही’ असेच द्यावे लागेल.

आधुनिक स्पर्धांतही ही जाणीव अगदीच नाही असे नव्हे. १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या आणि भारतीय शाळकरी मुलेही भाग घेत असलेल्या जागतिक शालेय वादविवाद स्पर्धेत मुख्य भाषण आठ मिनिटांचे असते. त्याच्या पहिल्या व शेवटच्या मिनिटात प्रतिपक्षास अडविता येत नाही. मधल्या काळात प्रतिपक्षीयाने उभे राहून प्रश्नाची परवानगी मागावयाची, आणि ती द्यावी की नाही हे बोलणाऱ्याने ठरवावयाचे, अशी रीत आहे. शेवटच्या चार मिनिटांच्या समारोपात नवा मुद्दा आणता येत नाही, म्हणजे ज्याला उत्तर देण्याची संधी उरलेली नाही असा वार करता येत नाही. गुणांची विभागणी आशयास ४०, शैलीस ४० आणि व्यूहरचनेस २० अशी आहे. शैलीला आशयाइतकेच माप का, याविषयी आमचे मन साशंक आहे. पण नव्या मुद्द्याविषयीचा नियम आपल्याकडे लगेच घेण्यासारखा आहे.

प्रतिपक्षाला मान देण्याचे एक उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील समारोपाच्या भाषणात बाबासाहेबांनी आपल्या मसुद्यावर सतत टीका करणाऱ्या सभासदांचा नावे घेऊन गौरव केला. कामत, डॉ. पंजाबराव देशमुख, सिधवा, प्रा. सक्सेना, पंडित ठाकूरदास भार्गव, प्रा. के. टी. शाह आणि पंडित हृदयनाथ कुंझरू हे ते सभासद. त्यांच्या पुष्कळशा सूचना आपण मान्य केल्या नाहीत, तरी त्यामुळे त्यांचे मोल कमी होत नाही, आणि संविधानातील तत्त्वे उलगडून सांगण्याची संधी त्यांच्यामुळेच मिळाली, असे त्यांनी सांगितले. आपल्या मुलांकडून या भाषणातील भक्तीविषयीचा इशारा पाठ करून घेतला जातो. हा भाग क्वचितच.

या विचारातून आम्ही संस्थेच्या आंतरशालेय स्पर्धेच्या नियमपत्रकात काही बदल सुचविले. जात, घराणे, शरीर, बोली यांवरून सरळ वा आडून बोलल्यास परीक्षकाने तेथेच घंटा करून वक्त्यास थांबवावे, वाक्य मागे घेण्यास सांगावे, आणि प्रतिपक्षाचा वाया गेलेला वेळ भरून द्यावा. श्रोत्यांतून चेष्टा झाल्यासही घंटा व्हावी. आकडा किंवा उद्धृत दिल्यास त्याचा आधार कागदावर लिहून भाषणापूर्वी द्यावा. उच्चाराचे गुण काढून ते ‘प्रतिपक्षाचे म्हणणे अचूक सांगणे’ या नव्या रकान्यास द्यावेत, म्हणजे खंडन करण्यापूर्वी समोरच्याचा मुद्दा त्याला पटेल अशा शब्दांत सांगता आला पाहिजे. निकालानंतर परीक्षकांनी मुलांच्या चुका सांगताना अंगुत्तरनिकायातील चोदनेच्या पाच अटी पाळाव्यात: योग्य वेळी, खरे तेच, मृदू शब्दांत, हिताचे, आणि मैत्रीच्या चित्ताने. ही शेवटची सूचना स्पर्धकांसाठी नसून आमच्यासारख्यांसाठी आहे.

बहुतेक बदल मान्य झाले. एकावर मात्र शिक्षकांच्या बैठकीत बराच खल झाला. प्रतिपक्षाचा एखादा मुद्दा खरा असल्यास तो मोकळेपणाने कबूल करणाऱ्या स्पर्धकास दोन गुण अधिक द्यावेत, असे आम्ही सुचविले होते. एका ज्येष्ठ शिक्षकांचा आक्षेप असा की, मुले मग गुणांसाठीच काहीबाही कबूल करू लागतील. तो आक्षेप रास्त आहे. कबुलीलाही डावपेच बनविता येते. आमचे उत्तर असे की, कबूल केलेला मुद्दा त्या मुलास पुढे नाकारता येणार नाही, आणि कबुलीनंतर त्याची बाजू कशी उभी राहते, हेच परीक्षकांनी पाहावे. हत्थकाला नेमके हेच जमले नव्हते. यंदाच्या स्पर्धेत हे दोन गुण प्रायोगिक म्हणून ठेवले आहेत, आणि त्या ज्येष्ठ शिक्षकांनाच आम्ही परीक्षक म्हणून बोलाविले आहे.